लुगड्याचा जन्मदाखला

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. तो मानणारी माणसे इथली, अलिबागजवळच्या नागावातली, ओळखीची आणि वाचणारी आहेत. त्यांच्या तोंडी दुबळा युक्तिवाद घालून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. त्यांचे म्हणणे असे : राज्ये गेली, दरबारची भाषा बदलली, नाणी बदलली, पण बाईच्या अंगावरचे लुगडे, नाकातली नथ आणि गळ्यातली पोत बदलली नाही. म्हणून पेहरावाचे आणि दागिन्यांचे शब्द हा मराठीचा सर्वांत जुना, कोणाचा हात न लागलेला थर. प्रत्येक समाजाने तो आपापल्या घरात जपला, म्हणून कोळ्यांचा वेश कोळ्यांचा, आगऱ्यांचा आगऱ्यांचा, भंडाऱ्यांचा भंडाऱ्यांचा. आणि नऊवारीला कासोटा कशासाठी? तर आमच्या बायकांना घोड्यावर मांड ठोकायची होती म्हणून.

हळदीच्या मांडवातला निवेदक हेच सांगतो, शाळेच्या स्नेहसंमेलनातही हेच ऐकू येते, आणि पर्यटकांना उतरवून घेणाऱ्या वाड्यांच्या भिंतींवर हेच रंगवलेले असते. मासिकांच्या दिवाळी अंकांत ते जरा भारदस्त शब्दांत छापून येते, एवढाच फरक. जुनेपणाची आपल्याला हौसच आहे. शेजारच्या आक्षीतल्या शिलालेखाला आद्य मराठी लेखाचा मान द्यायचा की श्रवणबेळगोळच्या, यावर आम्ही चहाच्या टपरीवरही भांडतो. पण शिलालेखाच्या वर्षावरून निदान अक्षरे दाखवून भांडता येते. लुगड्याच्या बाबतीत तेवढीही तोशीस कोणी घेत नाही.

पूर्वपक्षाची मूळ चूक मला अशी दिसते. वस्तू, तिचे नाव आणि ती ल्यायची-नेसायची रीत या तिन्हींचा जन्म एकाच वेळी झालेला नसतो. नाव नवे आणि रीत जुनी, वस्तू परकी आणि नाव घरचे, वस्तू घरची आणि नाव परके, असे सगळे प्रकार आपल्या पेट्यांत आणि वळचणीला वाळत घातलेल्या कपड्यांत सापडतात. पूर्वपक्ष तिन्हींचा मिळून एकच जन्मदाखला काढतो आणि त्यावर सर्वांत जुनी तारीख घालतो.

नऊवारीपासूनच सुरुवात करू. वार म्हणजे छत्तीस इंच, इंग्रजी यार्ड. वार रूढ होण्याआधी कापड हाताने मोजत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. जुन्या बायका सोळा हाती, अठरा हाती लुगडे म्हणत. अठरा हात म्हणजे नऊ वार : कापड तेच, माप बदलले. (पोर्तुगीजांचे कापड मोजायचे एक माप 'वारा' नावाचे होते, आपल्या वाराहून थोडे लांब. चौल-रेवदंड्यात त्यांचा मुक्काम दोनशे वर्षांहून अधिक होता, तेव्हा हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. पण माझा मुद्दा त्यावर उभा नाही.) नऊवारी हे नाव वापरायची गरज कधी पडली, हा प्रश्न त्याहून मोठा. सगळ्याच जणी लुगडे नेसत होत्या तोवर ते नुसते लुगडे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शहरांतून गोल पातळ आले, पाच-सहा वारांचे, परकरावर नेसायचे. तेव्हा जुन्या लुगड्याला ओळखण्यापुरते विशेषण लागले. नऊवारी हे नाव सहावारीच्या पाठचे आहे, आधीचे नव्हे. ज्या शब्दाला हजार वर्षांचा मान देऊन मांडवात टाळ्या घेतल्या जातात, तो आपल्या पणज्यांच्या तरुणपणी रुळलेला आहे.

नेसण मात्र खरोखर जुनी आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पायांमधून मागे नेऊन खोचलेले वस्त्र प्राचीन शिल्पांत पुरुषांच्या अंगावर दिसते, स्त्रियांच्याही. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१च्या भारतीय वेशभूषेवरच्या ग्रंथात आणि मोतीचंद्र यांनी आपल्या हिंदी ग्रंथात याचा पसारा मांडून ठेवला आहे. पण ही रीत घोड्यासाठी जन्मली असे म्हणणाऱ्यांना एक साधी विचारणा आहे : आमच्या अष्टागरात, अलिबागच्या या किनारपट्टीवर, घोडा किती घरांत होता? गुडघाभर चिखलात लावणी करणारी, मिठागरात फावडे ओढणारी, ओहोटीला खडपांवर कालवे फोडणारी, होडीतून टोपलीभर मासळी डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत येणारी बाई घोळदार वस्त्र नेसून काम करूच शकत नाही. पुरुषाचेही तेच. माडावर चढणारा भंडारी कासोटा घट्ट मारतो तो कोणत्या स्वारीसाठी? राजघराण्यांतल्या काही स्त्रिया घोड्यावर बसल्या, लढल्या, हे खरे. त्यांना ते जमले, कारण कष्टकरी बायकांनी घडवलेली नेसण आधीच तयार होती. पूर्वपक्ष हा क्रम उलटा लावतो आणि कोळणीने, आगरणीने रोजच्या कामातून घडवलेली गोष्ट राजवाड्याच्या खात्यावर जमा करतो. मला यातला इतिहास जितका खटकतो, त्याहून हा हिशेब अधिक खटकतो.

घोड्याचा विषय निघालाच आहे, तर एक घोडा चौलला खरोखर आला होता. अफनासी निकितिन हा त्वेरचा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास चौल बंदरात उतरला, तो विकायला एक घोडा बरोबर घेऊन. नागावपासून ते बंदर चालत जाण्याच्या अंतरावर. निकितिनने उतरल्या उतरल्या जे लिहिले ते लोकांच्या कपड्यांबद्दल. सामान्य माणसे जवळजवळ उघडी, डोकी उघडी, स्त्रियांची छाती उघडी, केसांची एकच वेणी. इथल्या राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला दुसरे. सरदारांच्या खांद्यावर एक, कमरेला एक. त्यांच्या स्त्रियांचेही तसेच, एक वस्त्र खांद्यावरून आणि एक कमरेला.

यावर आक्षेप ठरलेला : तो परका, त्याला काय कळणार? पण त्याने सगळ्यांना एकाच मापाने मोजलेले नाही. राजा, सरदार, त्यांच्या स्त्रिया, चाकर अशी पायरीपायरीने वेगळी नोंद केली आहे. माल घेणे-विकणे ज्याचा धंदा, त्याची नजर वस्त्राच्या बाबतीत तरी धड असणार. त्याच्या नोंदीवरून अठरा हाती लुगडे तेव्हा महाराष्ट्रात कुठेच नव्हते असे मी म्हणणार नाही. एका साक्षीदारावर तेवढे ओझे टाकता येत नाही. पण या किनाऱ्यावर, या बंदरात, वरच्या थरातल्या स्त्रियांचा वेश १४६९च्या सुमारास दोन वेगळ्या वस्त्रांचा होता, एका लांब लुगड्याचा नव्हे, एवढे ती नोंद सांगते. 'अखंड, जसाच्या तसा' हे शब्द त्यापुढे टिकत नाहीत.

आता शब्दांकडे. बाजूबंद घ्या. शब्द उघड फारसी : बाजू म्हणजे दंड, बंद म्हणजे बांधायचे. आपल्या देवाच्या मूर्तीला बाजूबंद चढतो, लग्नात नवरीच्या दंडावर तो असतो, आणि कोणालाही तो परका वाटत नाही. वाटू नयेच, कारण दंडावरचा दागिना इथे फारसी येण्याआधी हजार-बाराशे वर्षे होता. त्याला संस्कृतात केयूर, अंगद अशी नावे आहेत आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची जोडपी दागिने ल्यालेली आहेत. वस्तू जुनी, नाव बदलले. कमरपट्टा तर अर्धा फारसी, अर्धा घरचा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने राज्यव्यवहारकोश रचला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशवा पंतप्रधान झाला, बाजूबंद मात्र बाजूबंदच राहिला. बायकांच्या पेटीपर्यंत राजाज्ञा पोचत नाही.

आणि कोळ्यांचा रुमाल! प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथावर कोळी उभा केला की त्याच्या कमरेला त्रिकोणी रुमाल, अंगात जाकीट, डोक्याला टोपी असते, आणि निवेदक सांगतो की हा सागरपुत्रांचा आद्य वेश. रुमाल हा फारसी शब्द, मूळ अर्थ तोंड पुसायचे फडके. जाकीट इंग्रजांकडून आले. कमरेला आखूड वस्त्र गुंडाळून होडीत उभे राहणे हे मात्र कोणाकडून शिकावे लागले नसणार. इथेही वस्तू, नाव आणि रीत तीन वाटांनी आल्या आणि कोळ्याच्या कमरेला येऊन मिळाल्या. त्यात त्याचे काही उणे झाले असे मला वाटत नाही. चित्ररथवाल्यांना मात्र बहुधा वाटेल.

इथे दुसऱ्या टोकाचे पंडित पुढे सरसावतात. त्यांना फारसी शब्द दिसला की वस्तूच परकी वाटते. शिवलेले कपडे मुसलमानी अंमलाबरोबर आले, त्याआधी सगळा देश नुसता गुंडाळत होता, हे मत अजून वर्गांत शिकवले जाते. माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश उघडून ते सदरा, पायजमा, खिसा अशी यादी वाचतात आणि निकाल देतात. त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहावीत. पाचव्या शतकातल्या त्या चित्रांत अंगाला बेतलेले, बाह्यांचे शिवलेले कपडे स्पष्ट आहेत. चोळी या शब्दाला संस्कृतात चोल, चोलक अशी पूर्वपीठिका आहे, कंचुकी तर सगळ्यांना माहीत आहे. सुई इथे होती, शिंपीही होता. नावावरून वस्तूचे वय काढणारे दोन्हीकडचे पंडित एकच चूक करतात. एक घरच्या नावाला भुलतो, दुसरा परक्या नावाला.

घरच्या नावाला भुलण्याचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे पुतळी. पुतळ्यांची माळ आज पारंपरिक मराठी साजाचा मानबिंदू आहे. चपट्या गोल चकत्या, त्यावर लक्ष्मी किंवा राम-सीता. शब्द निखळ मराठी. वस्तू? व्हेनिसचे सोन्याचे नाणे, तिथल्या टांकसाळीत १२८४ पासून पाडले गेलेले, साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचे आणि शुद्धतेसाठी भूमध्य समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंत नावाजलेले. त्याच्या एका बाजूला व्हेनिसचा अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. आपल्या माणसांना ना मार्क ठाऊक, ना अधिपती. त्यांना नाण्यावर बाहुल्या दिसल्या, म्हणून ती पुतळी. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्याची जी यादी आहे, तिच्यात होन-मोहरांच्या पंगतीत पुतळ्याही बसल्या आहेत. पुतळी पैसा होती. पैशाला कडी लावली की दागिना झाला, अडचणीला कडी काढली की पुन्हा पैसा.

पुढचे काम सोनाराचे. सोने हे मोडायचे आणि पुन्हा घडवायचे द्रव्य. पणजीच्या पुतळ्या आजीच्या लग्नात मोडल्या गेल्या, नव्या घडवल्या, त्या आईच्या लग्नात पुन्हा मुशीत गेल्या. दर खेपेला घडणावळ द्यावी लागली, तूट सोसावी लागली. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडाले, नाणे येईनासे झाले, पण माळेची मागणी थांबली नाही. मग इथले कारागीर ठशावर पुतळ्या पाडू लागले, आणि ठसा कोरणाऱ्याने ओळखीची दैवते बसवली. वस्तू प्रत्येक पिढीत नवी, आकृती बदललेली, द्रव्य तेच आणि नाव तेच. ज्या समाजात दागिना मोडून घडवतात तिथे नाव हे वस्तूच्या वयाचा पुरावा होऊच शकत नाही. बोरमाळ, ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी, सगळ्यांना हे लागू आहे. लाखेवर चढवलेल्या पातळ पत्र्याचे मणी आणि भरीव मणी एकाच नावाने चालतात. पोत एकदा ज्या नावाने गाठवली गेली ते नाव टिकते, आत काय ओवले आहे ते बदलत राहते.

हे आपल्यापुरतेच नाही. उत्तर कॅलिफोर्नियात क्लामथ नदीच्या काठी राहणारे युरोक लोक बारीक पोकळ दातासारखे शिंपले गळ्यात घालत आणि त्याच शिंपल्यांनी व्यवहारही करत. वधूचा मोबदला, भांडणाची भरपाई, सगळे त्यात मोजले जाई. किंमत लांबीवर ठरे, म्हणून पुरुष हातावर गोंदवून मापाच्या खुणा करून घेत. आल्फ्रेड क्रोबरने १९२५च्या ग्रंथात हे सविस्तर लिहिले आहे. युरोकांचा हा सर्वांत 'पारंपरिक' अलंकार त्यांच्या किनाऱ्यावरचा नव्हताच. तो उत्तरेकडून, व्हँकुव्हर बेटाच्या बाजूने, या हातातून त्या हातात असा येत असे. तिथेही पैसा गळ्यात आणि तोही दुरून आलेला.

नथीवर जास्त बोलायला नको, कारण त्या बाबतीत खंडन फार पूर्वीच झाले आहे, फक्त कोणी वाचलेले नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे आणि प्राचीन भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवर लिहिणारे अ. स. आळतेकर या दोघांनी १९३०च्या दशकाअखेर दाखवून दिले की प्राचीन संस्कृत वाङ्मयात आणि शिल्पांत नाकातला दागिना आढळत नाही. तो दिसू लागतो साधारण इसवी सन १००० नंतर. कार्ल्याच्या जोडप्यांच्या कानांत भारी कुंडले आहेत, पायांत जाड वाळे आहेत, नाके मात्र मोकळी. तरीही नथ वैदिक असल्याचे ऐकवले जाते. तिच्यातला टपोरा मोती बसऱ्याचा, म्हणजे इराणच्या आखातातला, बसऱ्याच्या बाजारपेठेवरून नाव पडलेला. आखाताशी व्यापार करणारे चौल बंदर इतके जवळ असताना मोत्यासाठी वेदांपर्यंत जायचे कारण काय?

चौलबद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जातो. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात कल्याणच्या पाठोपाठ सेमुल्ला म्हणून येणारे बंदर ते हेच. त्याच पुस्तकात भारतीय बंदरांत उतरणाऱ्या मालात भूमध्य समुद्रातले पोवळे आहे. पोवळे हा शब्द प्रवाळावरून आलेला, पिढ्यान्पिढ्यांचा आपला. वस्तू दोन हजार वर्षे बोटीतून उतरते आहे.

आता दुसरा आधार : ज्या समाजाचा वेश त्याचाच. ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती परंपरेतून आलेली नाही, दप्तरातून आलेली आहे. विल्यम जॉन्सनने १८६०च्या दशकात मुंबईच्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात प्रत्येक जातीचे तीन-चार नमुने ठरावीक कपड्यांत उभे केलेले. मग १८८३चे आमच्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यात जातवार परिच्छेद आणि बहुतेक परिच्छेदांत एक साचा : पुरुष अमुक घालतात, बायका तमुक घालतात. कारभाऱ्याला माणसे ओळखायची होती, म्हणून त्याने एका जातीला एक पोशाख नेमून दिला. सणाचा आणि रोजचा, श्रीमंताचा आणि गरिबाचा, सासरचा आणि माहेरचा, असे सगळे फरक त्या साच्यात विरघळले. पुढे आमच्याच समाजमंडळांनी आपले इतिहास लिहिताना गॅझेटियरचा तो परिच्छेद उचलला आणि त्याला परंपरा म्हटले. कुलाब्याच्या साहेबाची टाचणी आता आमच्या अस्मितेची झाली आहे.

त्या साच्यात न मावणारे शेजारी इथेच होते. अष्टागरातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत. त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले ते नवगावच्या किनाऱ्याला, अशी त्यांची स्वतःची आख्यायिका. (नवगाव अलिबागच्या उत्तरेला, आमचे नागाव दक्षिणेला. पाहुणे नेहमी गल्लत करतात.) ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, सुंता करत, आणि त्यांच्या बायका लुगडे नेसत, चोळी घालत, नाकात नथ आणि गळ्यात मंगळसूत्र घालत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला बेने इस्राएलांचा इतिहास आणि जुनी छायाचित्रे दोन्ही याला साक्ष आहेत. मंगळसूत्र धर्माचे, लुगडे जातीचे, नथ वेदांची असे म्हणणाऱ्याने ती छायाचित्रे समोर ठेवून विचार करावा. तो वेश तेव्हा या किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईचा होता. ती कोणत्या देवाला हात जोडते याच्याशी त्याचा संबंध थोडाच होता.

शिंप्याच्या तोंडचे शब्दही हेच सांगतात. बटणासाठी पाडतात ते काज पोर्तुगीज, कडेला लावतात ती फीत पोर्तुगीज, कपडा शिवून झाला की फिरवतात ती इस्त्रीही त्याच वाटेची. पोर्तुगीजांना रेवदंड्यात किल्ल्याची परवानगी मिळाली १५२१ मध्ये आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. किल्ला गेला, शब्द राहिले. कुंडलिकेपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलली जाते, तेव्हा तो काळ आमच्यासाठी फार लांबचा नाही. काज आज इतके मराठी आहे की काज-बटण करणाऱ्या बाईला ते परके आहे असे सांगितले तर ती हसेल, आणि तिचे हसणे बरोबर आहे.

शेवटचा आक्षेप जरा कळवळ्याचा असतो : असे सगळे सोलून काढले तर आमचे काय उरते? उरते ते पुष्कळ आहे. बाहेरच्या बाहुलीला पुतळी म्हणणारी नजर इथली, अठरा हात कापड एका गाठीत कंबरेवर तोलून धरणारी नेसण इथली, आखातातले मोती ओवून नथीचा तो आकडेदार घाट काढणारा सोनार इथला. फक्त हे सगळे नोंदवायचे तर 'जात : पोशाख' अशी दोन रकान्यांची वही चालणार नाही. वस्तू कुठून आली ते सोनाराला आणि कासाराला विचारावे लागेल, नाव कधीचे ते कागदांत शोधावे लागेल आणि नेसण कोणत्या कामासाठी, ते अजून ओहोटीला खडपावर जाणाऱ्या म्हातारीला विचारावे लागेल. तिघांच्या उत्तरांचा मेळ बसेलच असे नाही.

सध्या नागावच्या लग्नांत शिवलेली नऊवारी चालते. विजारीसारखी पाय घालून चढवायची, मागे कासोटा आधीच टाचलेला, कमरेला नाडी आणि हूक. वयस्कर बायका तिला नाक मुरडतात, मुली पाच मिनिटांत तयार होऊन मांडवात येतात. नेसण दोन हजार वर्षांची, माप इंग्रजी, शिलाई शिंप्याची, वर खोट्या पुतळ्यांची माळ आणि दाबाची नथ. पूर्वपक्षाने या पोशाखाची नोंद कोणत्या समाजाच्या नावावर आणि कोणत्या शतकात करायची, ते एकदा ठरवून सांगावे.